मे महिन्यातला रिव्ह्यू

आयफोन १५ची नोंदणी सुरू झाली १५ सप्टेंबर २०२३ला. ज्या मोजक्या समीक्षकांच्या हाती फोन आधीच पोचला होता, त्यांना तोंड उघडायला परवानगी मिळाली १९ तारखेला. दुकानात फोन आला २२ला. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी घाईघाईने नोंदणी करणाऱ्यांनी प्रो मॉडेलसाठी लाखाच्या वर रक्कम बांधली, तीही एकही रिव्ह्यू न वाचता. तरी २२ला सकाळी मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर रांग होतीच. परगावाहून आलेलेही त्या रांगेत उभे होते.

अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही, दाखवायचं नाही, या अटीला एम्बार्गो म्हणतात. वर्तमानपत्रांना ती नवी नाही, आणि मला ती मुळात वाईटही वाटत नाही. अट नसेल तर जो तो दुसऱ्याच्या आधी व्हिडिओ टाकायला धावेल आणि फोन धड चार्ज होण्याआधी निकाल लागलेला असेल. माझं भांडण आहे ते तारखेशी, आणि त्याहून जास्त हवामानाशी.

आयफोन १५ प्रो लोकांच्या हातात पडला आणि काही दिवसांतच ‘तापतोय’ अशी ओरड सुरू झाली. कोणी नव्या टायटॅनियमच्या चौकटीला दोष दिला. मिंग-ची कुओ या नावाजलेल्या विश्लेषकाने वजन कमी करण्याच्या नादात उष्णता बाहेर टाकण्याच्या रचनेत तडजोड झाली असावी, असा तर्क मांडला. अॅपलने महिनाअखेरीस खुलासा केला: आयओएस १७मध्ये एक बग आहे, इन्स्टाग्राम, उबर आणि अॅस्फाल्ट ९ या अॅप्सच्या ताज्या आवृत्त्या प्रोसेसरवर जादा भार टाकताहेत, आणि नवा फोन सुरुवातीचे काही दिवस तसाही जरा गरमच राहतो. ४ ऑक्टोबरला अपडेट आलं, ओरड विरली.

या खुलाशातलं शेवटचं कारण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ते खरंच आहे. नवा फोन पहिल्या दिवसांत जुने फोटो उतरवून घेतो, त्यांतले चेहरे ओळखत बसतो, पन्नास अॅप्स पुन्हा बसवतो. तापणारच. मग समीक्षकाला तो हातात गरम लागला तर त्याने काय समजावं? बिघाड, की नव्याची नवलाई? ज्या आठवड्यात उष्णतेबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही, नेमका तोच आठवडा त्याच्या वाट्याला येतो. तो बिचारा ‘वापरात स्थिरावेल’ असं लिहून पुढे कॅमेऱ्याकडे वळतो.

काही दोष तर कितीही आठवडे दिले तरी एकट्याला सापडणार नाहीत. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७चं २०१६च्या ऑगस्टमध्ये सगळीकडे कौतुक झालं, ते प्रामाणिकही होतं. २ सप्टेंबरला, म्हणजे भारतात विक्री सुरू व्हायची त्याच दिवशी, बॅटऱ्या पेट घेतात म्हणून कंपनीने जगभरातून सुमारे २५ लाख फोन परत बोलावले. बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये मॉडेलच गुंडाळलं. कारण शोधायला सॅमसंगने दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या. समीक्षकाकडे असतो एक फोन, फार तर दोन.

२०२२चं प्रकरण मात्र वेगळं. तिथे मोजपट्टीच खोटी पडली. फोन तापू नये म्हणून सॅमसंगची एक यंत्रणा हजारो अॅप्सचा वेग गुपचूप कमी करत होती, पण वेग मोजणाऱ्या बेंचमार्क अॅप्सना मात्र हात लावत नव्हती. गॅलक्सी एस२२ घेतलेल्या कोरियातल्या ग्राहकांनी ते उघड केलं. गीकबेंचने एस१०पासून एस२२पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या. फेब्रुवारीतल्या रिव्ह्यूंमधले आकडे चुकीचे नव्हते. ते फक्त आपण वापरतो त्या फोनचे नव्हते.

आता हवामान. अॅपलच्या कागदांत आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं असतं. विदर्भात मार्चमध्येच दुपारचा पारा ३५ ओलांडतो, मेमध्ये अकोला, चंद्रपूर, नागपूर ४५च्या आसपास खेळतात. आणि मोठे फोन येतात कधी? अॅपलचे सप्टेंबरात, सॅमसंगचे जानेवारी-फेब्रुवारीत. एम्बार्गो उठतो तेव्हा आपल्याकडे पावसाळा ओसरत असतो नाहीतर थंडी असते. चाचणी बहुधा एसीच्या खोलीत.

खरी चाचणी भर दुपारी डिलिव्हरीवाल्या पोराच्या गाडीच्या हँडलवर चालू असते. फोन थेट उन्हात, नकाशा सतत चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि खिशातल्या पॉवर बँकेची वायर लावलेली. फोनला पंखा नसतो. पोटातली उष्णता पाठीतून बाहेर जायची, आणि बाहेरच भट्टी पेटलेली. मग फोन स्वतःला वाचवतो: स्क्रीन अंधूक करतो, चार्जिंग थांबवतो, कॅमेरा बंद करतो. पत्ता शोधणाऱ्याला नेमका तेव्हाच स्क्रीन दिसत नाही. शिवाय अशा उष्णतेत लिथियमची बॅटरी वयाआधी म्हातारी होते, तिचं फुगलेलं पोट शेवटी मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडं पडतं. कुठलं मॉडेल उन्हाळ्यात टिकतं, हे त्याला बऱ्यापैकी ठाऊक असतं. त्याला रिव्ह्यू युनिट कोणी पाठवत नाही.

गंमत म्हणजे सप्टेंबर २०२५मध्ये आयफोन १७ प्रो आला तो टायटॅनियम सोडून अॅल्युमिनियममध्ये, आणि आत व्हेपर चेंबर घेऊन. व्हेपर चेंबर म्हणजे थेंबभर पाणी कोंडलेली धातूची चपटी डबी; प्रोसेसरपाशी पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला थंड होऊन परतते आणि उष्णता पसरवत राहते. अॅण्ड्रॉइडवाल्यांकडे ही सोय कैक वर्षांची. दोन वर्षांपूर्वी जो विषय बग म्हणून मिटला होता, तोच या वेळी मंचावरून ऐटीत सांगण्याचा गुण झाला. १५ प्रोचा दोष कंपनीने कबूल केला, असं यावरून कोणी म्हणू नये. पण उष्णता गांभीर्याने घ्यावी लागली, एवढं म्हणायला हरकत नाही.

मेमध्ये कुठल्याच कंपनीची कुठलीच अट आड येत नाही. फोन गल्लीतल्या दुकानात मिळत असतो. कोणीही विकत घ्यावा, दुपारी दोन वाजता गाडीला लावून गावभर फिरवावा आणि काय झालं ते लिहावं. पण तोवर पुढच्या मॉडेलच्या अफवा सुरू झालेल्या असतात, आणि आठ महिने जुन्या फोनचा व्हिडिओ आपणच बघत नाही.