गुणवत्ता तपासावयाची की घडवावयाची?

१९४७-४८ मध्ये वॉल्टर श्यूहार्ट हे अमेरिकी शास्त्रज्ञ भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतात आले. उत्पादनातील चढउतार आलेखावर टिपून दोष वेळीच ओळखण्याची रीत त्यांनी १९२४ मध्ये मांडली होती. जपानमधील एडवर्ड्स डेमिंग यांची गाजलेली व्याख्याने झाली ती १९५० मध्ये. म्हणजे त्यापूर्वीच हे शास्त्र भारताच्या दारी आले होते. जपानी उद्योगांनी ते अंगी बाणवले. आपल्याकडील अनेक लहान खाद्योद्योगांच्या मात्र ते अद्याप उंबरठ्याबाहेरच आहे.

गुणवत्ता म्हणजे शेवटची तपासणी, असा समज तेथे रूढ आहे. परंतु तपासणीसाठी फोडलेले पाकीट पुन्हा विकता येत नाही. सगळा माल तपासणे अशक्य, आणि दोष सापडेपर्यंत शेकडो पाकिटे भरून झालेली असतात.

मसाल्याचेच उदाहरण घ्यावे. दर अर्ध्या तासाने पाच पाकिटे तोलावीत. त्यांची सरासरी आणि सर्वांत जड व सर्वांत हलक्या पाकिटांतील फरक आलेखावर मांडावा. यंत्र नीट चालत असतानाच्या नोंदींवरून वरची व खालची मर्यादा ठरते. बिंदू मर्यादेबाहेर गेला की काम थांबवून कारण शोधावे. एरवी यंत्राला हात लावू नये. ग्रॅमभर फरक दिसताच यंत्र फिरविल्याने चढउतार कमी होत नाहीत, उलट वाढतात.

प्रश्न केवळ वजनाचा नाही. मिरची नीट वाळली नाही तर तिला बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनसारखे विष निर्माण होऊ शकते. ते शिजवूनही पुरते नाहीसे होत नाही. ओलाव्याचा आलेख वर सरकू लागताच सावध झाल्यास तो माल कांडपापर्यंत जाणारच नाही.

लहान उद्योगाला हे परवडेल काय, असा आक्षेप घेतला जातो. वजनापुरते बोलायचे तर लागतो तो काटा, कागद, पेन्सिल आणि बेरीज-भागाकार जाणणारा कामगार. खरी अडचण मनोवृत्तीची आहे. आलेख मालकाच्या कपाटात नव्हे, यंत्राशेजारी हवा. आणि तो पाहून यंत्र थांबविण्याचा अधिकार कामगाराला हवा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला, हे योग्यच. परंतु निरीक्षक येतो तो अधूनमधून. ग्राहक त्या मसाल्याचे अन्न रोज खातो. पाकीट उघडणाऱ्या गृहिणीजवळ प्रयोगशाळा नसते, असतो तो केवळ विश्वास. तो सांभाळण्याची सुरुवात उद्योजकांनी उद्याच्या पहिल्या पाळीपासून करावी.