वहीतली नानकटाई

दिवाळी पंधरवड्यावर आली की आम्हां बडोदेकरांच्या घरात एक जीर्ण वही कपाटाबाहेर निघते. ही आमच्या आत्याबाईंच्या हातची वही. तिच्या नकला इंदूर-ग्वाल्हेरच्या आप्तांकडेही गेल्या. पुढे घरे विभागली, भांडीकुंडी वाटली गेली. नानकटाईचे पान मात्र सर्वांचे एकच राहिले.

शेजारी हिला नानखटाई म्हणतात, आणि सुरतेची तर ती मिरासच. आमच्या लहानपणी घरोघरी ओव्हन नव्हते. पीठ घरी तयार करून, गोळे पत्र्यांवर मांडून भट्टीवर न्यायचे, पत्र्याच्या कडेस खडूने आडनाव लिहायचे आणि रांगेत बसून राहायचे. आत्याबाईंच्या साजूक तुपाच्या नानकटाईऐवजी कुणाची तरी डालड्याची घरी आली, तर तो विषय तुळशीच्या लग्नापर्यंत पुरे.

गेल्या दिवाळीत भावाच्या नातीने ही वही मागून नेली. मुलगी हुशार, शिक्षण गुजराती आणि इंग्रजीत. देवनागरी वाचते ती हिंदीमुळे. दोन दिवसांनी तिचा फोन आला, “आजी, वहीतच चूक आहे. सगळ्या नानकटायांची मिळून एकच पोळी झाली!”

आम्ही पान पुन्हा वाचले. ‘तूप फेसून घ्यावे’ असे स्पष्ट लिहिलेले. पोरीला ‘फेस’ ठाऊक होता, ‘फेसणे’ ठाऊक नव्हते. तिने तूप गॅसवर ठेवून फेस येईपर्यंत कढवले होते!

आम्ही हसलो खरे, पण मागाहून मन खट्टू झाले. चूक वहीची नव्हती, मुलीचीही नव्हती. परीक्षा आहेत, अभ्यास आहे, म्हणून तिला स्वयंपाकघरात कधी हाक मारली नाही. बोलणेही सोयीसाठी गुजरातीतच. शब्द हाताबरोबर येतो. हातच दाखवला नाही, तर शब्द कुठून यावा?

पुढच्या रविवारी तिला बोलावून घेतले. वाट्या घरोघर निराळ्या, म्हणून सर्व जिन्नस वजन करून घेतले: मैदा 200 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 25, पिठीसाखर 125, थिजलेले साजूक तूप 150, पाव चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा दही, वेलची-जायफळाची पूड. तूप आणि साखर परातीत तळहाताने पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत फेसायची. त्यात शिरलेली हवाच पुढे नानकटाई खुसखुशीत करते. मग दही मिसळावे. मैदा, बेसन, रवा आणि सोडा एकत्र चाळून वेलची-जायफळासह त्यात घालावे व हलक्या हाताने गोळा करावा. मळत बसल्यास मैद्याला चिवटपणा येतो. लहान गोळे किंचित चपटे करून, अंतर राखून मांडावेत. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सिअसवर वीसेक मिनिटे पुरतात. गरम असताना त्या मऊच लागतात. निवल्यावर खुटखुटीत होतात, तेव्हा अधिक भाजण्याचा मोह टाळावा.

मुलीने परातीत हात घातला. दहा मिनिटांनी म्हणाली, “आजी, हे तर लोण्यासारखं झालं!” आम्ही म्हटले, “यालाच फेसणे म्हणतात, बाळ.” तिने पेन्सिल घेऊन वहीच्या समासात, आत्याबाईंच्या अक्षराशेजारी, गुजराती लिपीत टीप लिहिली: ‘ગॅસ नको, हात.’ ती आम्ही पुसली नाही.

वाचक भगिनींनो, आपल्याकडेही अशी वही असेल. यंदा ती नुसती वाचू नका. लेकीसुनांना आणि नातवंडांनाही परातीशी बसवा.