शिबिर संपल्यावर

मे महिन्यात नातवाच्या फुटबॉल शिबिराला पुण्याला गेलो होतो. शिकवणारे सगळे व्यावसायिक खेळाडू. आमच्या देवणीत खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो नाहीतर क्रिकेट, त्यामुळे कडेला बसून नवलाने बघत होतो. एक खेळाडू पोरांना सारखं एकच सांगे, चेंडू पायात येण्याआधी मान वर करून बघा. तिसऱ्या दिवशी नातू न सांगता बघू लागला. शिक्षक म्हणून फार बरं वाटलं.

पण शिबिर पाच दिवसांचं. पुढे काय?

सप्टेंबर 2017 मध्ये राज्यभर लाखो मुलं एकाच दिवशी फुटबॉल खेळली. 14 डिसेंबर 2025 ला मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. उत्सव आपल्याला छान जमतो. नागपूरच्या विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केलं, त्यातून पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. बारसे सर क्रीडाशिक्षक. मोठा खेळाडू मुलांना ओढ लावतो हे खरं, पण ती टिकते रोज शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या मास्तरामुळे.

हे लिहिताना लाज वाटते. दहावीचा अभ्यासक्रम संपवायला मीच कित्येकदा खेळाचे तास मागून घेतलेत. व्याकरण पुरं झालं, पोरांचं खेळणं राहून गेलं.

शिबिरं जरूर व्हावीत. पण आधी प्रत्येक शाळेला क्रीडाशिक्षक मिळावा, आणि त्याचा तास माझ्यासारख्या कुणी मागू नये. तुम्हाला काय वाटतं?