विश्लेषण : ग्रीसची सहल ठरवताना आधी काय, तिकीट की व्हिसा?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कामोठे या परिसराच्या उंबरठ्यावरच विमानतळ आला. त्याच सुमारास मुंबईहून ग्रीसची राजधानी अथेन्सला थेट विमानसेवा जाहीर झाली. ऊन, निळा समुद्र, बेटे आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष असलेला हा देश आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सहलीच्या यादीत येऊ लागला आहे. पण या सहलीत पैसे बुडतात ते बहुधा चुकीचा देश निवडल्यामुळे नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्यामुळे. हा क्रम कसा असावा, याविषयी…

ग्रीसची चर्चा आताच का?

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर अनेक भारतीय पर्यटकांनी त्या देशाकडे पाठ फिरवली. पर्याय म्हणून शेजारच्या ग्रीसचे नाव पुढे आले. त्यानंतर ‘इंडिगो’ने जानेवारी २०२६ पासून मुंबई आणि दिल्लीहून अथेन्ससाठी थेट उड्डाणे जाहीर केली. ग्रीसच्या ‘एजियन’ कंपनीनेही भारतासाठी सेवा जाहीर केली. त्याआधी दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथे विमान बदलणे हाच मुख्य मार्ग होता.

पनवेलकरांना थेट विमान किती सोयीचे?

नवी मुंबई विमानतळाची सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. अथेन्सची थेट सेवा जाहीर झाली ती मुंबईच्या जुन्या विमानतळावरून. म्हणजे घराजवळ धावपट्टी असली तरी या विमानासाठी सहारपर्यंतचा प्रवास धरावाच लागतो. दुसरा मुद्दा हवाई हद्दीचा. मुंबईहून ग्रीसला जाणारा मार्ग पश्चिम आशियाच्या परिसरातून जातो. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तासांसाठी हवाई हद्द बंद केली, तेव्हा अनेक देशांच्या विमानांचे वेळापत्रक कोलमडले होते. म्हणून विमान बदलून जायचे असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेणे हिताचे. वेगवेगळी तिकिटे घेतली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही.

व्हिसाचे गणित काय?

ग्रीससाठी शेन्गेन व्हिसा लागतो. ११ जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. आई, वडील, १४ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाला ३१५ युरो भरावे लागतात. युरो १०० रुपये धरला तरी ही रक्कम ३१ हजार ५०० रुपये होते. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज फेटाळला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही.

ही भीती पोकळ नाही. २०२४ मध्ये भारतातून शेन्गेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतील दीड लाखाहून अधिक फेटाळले गेले. ढोबळमानाने सातांपैकी एक. व्हिसाचे शुल्क तुलनेने लहान असते. त्याच्या भरवशावर आधीच घेतलेले, परत न होणारे विमान तिकीट आणि हॉटेल हा खरा फटका.

अर्ज कधी आणि कसा करावा?

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. शिवाय उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. त्यामुळे मे महिन्यातील सहलीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत गेलेला बरा.

नियमांनुसार प्रवासाचे आरक्षण दाखवावे लागते. पूर्ण पैसे भरलेले तिकीटच हवे, असे नाही. हॉटेलही मोफत रद्द करता येईल असेच निवडावे. किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा. बँक खात्याचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्र आणि कार्यालयाचे रजापत्र यांतील माहिती एकमेकांशी जुळली पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आली, तर शंका वाढते.

आणखी एक खबरदारी. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. ‘ग्रीसची वेळ लवकर मिळते’ म्हणून तिथे अर्ज करून सहा दिवस इटलीत आणि दोन दिवस ग्रीसमध्ये असा आराखडा जोडला, तर तो नकाराला आमंत्रण ठरू शकतो.

शाळेची सुट्टी कोणती धरावी?

दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. तोपर्यंत सायक्लेड्स बेटांवरील बहुतेक हॉटेले आणि खाणावळी बंद होतात, बोटींच्या फेऱ्याही घटतात. अथेन्स पाहता येते, बेटांची मजा हाती लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर शिगेला असतात. उष्णतेमुळे गेल्या काही वर्षांत अ‍ॅक्रोपोलिस टेकडी भरदुपारी बंद ठेवण्याची वेळ आली. याच काळात ‘मेल्टेमी’ हे उत्तरेचे जोरदार वारे बोटी अडवतात.

महाराष्ट्रातील शाळांची मे महिन्याची सुट्टी मात्र ग्रीसच्या हंगामात नेमकी बसते. फक्त एक तारीख टाळावी. २०२७ मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी आहे. तो ग्रीसचा सर्वांत मोठा सण. त्या आठवड्यात ग्रीक माणसे गावी निघतात, बोटी भरतात, दुकाने बंद राहतात. ८ मेनंतर निघणे सोपे.

पॅकेजच्या किमतीबाहेर कोणते खर्च?

ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबरदरम्यान प्रत्येक खोलीमागे दर रात्री शुल्क आकारले जाते : तीन तारांकित हॉटेलात ५, चार तारांकितात १० आणि पंचतारांकितात १५ युरो. चार तारांकित हॉटेलात दोन खोल्या सात रात्री घेतल्या, तर १४० युरो वाढतात. अ‍ॅक्रोपोलिसचे तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो आहे. तिथे दिवसाला २० हजार पर्यटकांची मर्यादा असल्याने ते ठरावीक वेळेसाठीच मिळते. आधी काढलेले बरे.

दिलासा करात आहे. परदेश सहलीच्या पॅकेजवर कंपनी आगाऊ गोळा करते तो ‘टीसीएस’ १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. यंदाच्या अर्थसंकल्पाने तो सरसकट २ टक्के केला. पाच लाखांच्या पॅकेजवर २५ हजारांऐवजी १० हजार रुपये अडकतात. ही रक्कम प्राप्तिकरात वळती करून घेता येते.

बेटे किती आणि कोणती?

आठ दिवसांत अथेन्स आणि दोन बेटे पुरेशी. पिरियस बंदरातून सँटोरिनीला साधी बोट सुमारे आठ तास घेते. प्रत्येक वाढीव बेटामागे सहलीचा निम्मा दिवस सामान उचलण्यात जातो. अवशेषांची आवड असेल तर मिकोनोसजवळचे डेलोस पाहावे. ते संपूर्ण बेटच पुरातत्त्वीय स्थळ आहे आणि तिथे मुक्कामाला परवानगी नाही. परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढावी. त्याच दिवशी बोटीने येऊन विमान पकडण्याचा बेत वाऱ्याच्या मर्जीवर असतो.

बेटावरचे अवशेष मुलांना कितपत रुचतील, याची चाचणी आपल्याच रायगड जिल्ह्यात घेता येते. घारापुरीच्या लेण्यांना आणि अ‍ॅक्रोपोलिसला जागतिक वारशाचा दर्जा एकाच वर्षी, १९८७ मध्ये मिळाला.

थोडक्यात क्रम कसा?

आधी तारखा आणि पासपोर्टची मुदत. मग रद्द करता येणारी आरक्षणे आणि विमा. त्यानंतर व्हिसाचा अर्ज. व्हिसा हाती आल्यावरच परत न होणारी तिकिटे, बोटी आणि अ‍ॅक्रोपोलिसची वेळ. आधी काढल्याने तिकिटात वाचणारे काही हजार मोहात पाडतात. पण व्हिसा नाकारला गेला तर चौघांच्या तिकिटांचे लाखो रुपये पणाला लागलेले असतात.