‘पाहा’ ही प्रभूची आज्ञा : कर्जत-खालापूरची पाखरे आणि आपण

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन अंतर्भागातील तालुके गेल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या फार जवळ आले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि घाटाच्या पायथ्याची ही गावे शहरवासीयांना हाताशी आल्यासारखी वाटू लागली. पनवेल-कर्जत या सुमारे ३० किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेमार्गाचे काम हाती घेतले गेले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा प्रत्येक घटनेबरोबर येथील भातखाचरे, माळ आणि ओढेकाठ यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. काल जे शेत होते, ते आज ‘निसर्गाच्या कुशीतील’ भूखंड म्हणून जाहिरातीत झळकते. हे भूखंड घेणाऱ्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. सहली, तपसाधना आणि युवा शिबिरांसाठी आपल्या धर्मग्रामांतील मंडळीही या परिसरात जातात. म्हणून या भूमीवरील मुक्या जीवांचे काय होत आहे, हा प्रश्न आपल्याला परका मानता येणार नाही.

आकाशातील पाखरांकडे पाहण्याची आज्ञा प्रत्यक्ष प्रभू येशूने आपल्या शिष्यांना दिली. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानकारांनी ती नोंदविली आहे. मूळ ग्रीक भाषेत तेथे जी क्रियापदे आली आहेत, त्यांचा अर्थ ओझरते बघणे असा नाही. निरखून पाहणे, विचारपूर्वक ध्यानात घेणे असा आहे. आपण या वचनाचा उपयोग बहुधा चिंता दूर करण्यासाठी करतो आणि पाखरांना तेथेच सोडून देतो. परंतु ज्याने पाखरू कधी निरखलेच नाही, त्याला प्रभूचा दाखला तरी पुरता कसा कळावा?

चिमण्यांच्या दाखल्यात तर बाजाराचा हिशेबच आहे. मत्तयाच्या वृत्तांतात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या वृत्तांतात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी फुकट, वरकड म्हणून घातलेली. बाजाराच्या लेखी तिची किंमत शून्य आहे. नेमक्या त्याच चिमणीची आठवण देवाला आहे, असे प्रभू सांगतो. ज्याला बाजारभाव नाही त्याचीही गणना करणारी ही दैवी नजर आपल्याला लाभावी, हा पक्षिनिरीक्षणामागील ख्रिस्ती विचार होय.

कर्जत-खालापूरमध्ये ही नजर वळवावी असे पुष्कळ काही आहे. माथेरानचा डोंगर कर्जत तालुक्यातच आहे आणि त्याच्या सभोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा टापू ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. पूर्वेला १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य असून त्याचा काही भाग रायगड जिल्ह्यात येतो. राज्यप्राणी शेकरू हे त्याचे वैभव. मे महिन्याच्या अखेरीस पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाक देतो. पहिल्या सरींबरोबर नवरंग पक्षी वीण करण्यासाठी येतो आणि हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत घालवतो. ओढ्याकाठच्या गर्द झाडीत शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो. यिर्मया संदेष्ट्याने म्हटले होते की, आकाशातील पक्ष्यांना आपले ऋतू कळतात, परंतु देवाच्या प्रजेला देवाचा न्याय कळत नाही. नवरंगाचे वेळेवर येणे पाहिले म्हणजे या उपदेशाची धार जाणवते.

तिबोटी खंड्या हा रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून ओळखला जातो. हा इवलासा रंगीबेरंगी जीव, वजन अवघे पंधरा ग्रॅमच्या आसपास. पावसाच्या तोंडावर तो कोकणात वीण करण्यासाठी येतो. रानातील ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेला मातीची उभी दरड असेल, तर नर आणि मादी मिळून तीत आडवे बीळ कोरतात आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतात. सरडे, सापसुरळ्या, लहान बेडूक आणि खेकडे पकडून आणून ते पिल्लांना भरवतात. या पक्ष्याला मोठे अरण्य लागतेच असे नाही. त्याला सावली हवी, वाहता ओढा हवा आणि हातभर मातीची दरड हवी.

आता भूखंड पाडण्याच्या कामाकडे पाहावे. यंत्र आले की पहिल्यांदा काय सपाट होते? उंचसखल जमीन, ओढ्याचा काठ आणि मातीची दरड. झाड तोडले तर निदान कोणी विचारतो, कारण झाड दिसते. दरड गेली तर कोणी विचारत नाही, कारण तीत कोणाचे घर होते हेच कोणाला ठाऊक नसते. त्याच जागी पुढे सिमेंटची भिंत उभी राहते, हिरवळ लावली जाते, आणि घराला एखाद्या पक्ष्याचे नावही दिले जाते. उन्हाळ्यात डोंगरांवर लावले जाणारे वणवे हे दुसरे संकट. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. रातवा पाचोळ्यात बसतो. वणव्याची आग त्यांच्यासाठी थांबत नाही. छायाचित्रे काढण्याची हौसही मर्यादा ओलांडते, तेव्हा बिळाशी सतत होणाऱ्या गर्दीमुळे आईबाप पक्षी घास घेऊन ताटकळत राहतात.

अनुवादाच्या पुस्तकात घरट्याविषयी एक छोटासा नियम आहे. वाटेत घरटे आढळले आणि पक्षीण अंड्यांवर वा पिल्लांवर बसलेली असली, तर तिला पिल्लांसह धरू नये, सोडून द्यावे. वंश नष्ट होईल इतके घेऊ नये, हे त्यामागचे तत्त्व आहे. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश शिकारीच्या व्याख्येत केला आहे. शास्त्राचा नियम आणि देशाचा कायदा येथे एकाच ठिकाणी येऊन भेटतात. तरीही बीळ पाहिल्याशिवाय दोन्हींचे पालन अशक्य आहे.

पाहण्याने आणि मोजण्याने काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला गिधाडांचे उदाहरण हे उत्तर आहे. एकेकाळी गावोगाव दिसणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९० च्या दशकापासून झपाट्याने कमी झाली आणि पुढील सुमारे पंधरा वर्षांत देशातील त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. राजस्थानातील भरतपूर येथे निरीक्षकांनी गणना ठेवली होती, म्हणून ही घट लक्षात आली. २००४ साली कारण उघडकीस आले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारे गिधाड मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली; २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही आली. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात गिधाडांची वस्ती जपण्याचे काम गावकऱ्यांच्या साथीने झाले आहे. कोणी मोजलेच नसते, तर रोग कळला नसता आणि उपायही सुचला नसता.

हे काम केवळ शास्त्रज्ञांचे उरलेले नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो सुमारे ३० हजार निरीक्षकांनी पाठविलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला होता. त्यांत हौशी नागरिक मोठ्या संख्येने होते. अहवालात ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज सांगितली गेली. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, शेवटचा डॉ. सलीम अली यांचा. चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी निधन झाले. मराठी माणसाला रानाची भाषा शिकविणारा मोठा गुरू गेला. डॉ. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा प्रसिद्ध अभ्यास याच जिल्ह्यातील किहीम येथे केला होता.

निरीक्षणाची ही परंपरा ख्रिस्तसभेलाही नवी नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींचा आयुष्यभर अभ्यास केला. तेथील वनस्पतिसंग्रहालयाला आजही त्यांचे नाव आहे. त्यांच्याच परंपरेतील येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खोपोलीच्या माथ्यावरील खंडाळ्याचे डोंगर पायांखाली घातले आणि १९५३ साली तेथील वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हातात प्रार्थनापुस्तक आणि पाठीवर नमुन्यांची पेटी, यांत त्यांना विसंगती वाटली नाही. आदामाने प्राण्यांना नावे दिली, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. नाव देण्यापूर्वी त्याला प्रत्येक जीव पाहावा लागला असेल.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाखरांवर प्रेम करताना माणूस दृष्टीआड झाला, तर ते प्रेम ख्रिस्ती राहत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोधकार्य थांबवावे लागले. अतिवृष्टीच्या त्या रात्रीचे खापर कोणा एकावर फोडणे उचित नाही. तरी ती रात्र एवढे निश्चित सांगते की, डोंगर अस्वस्थ झाला की त्याच्या कुशीतील गरीब प्रथम भरडला जातो. सुट्टीसाठी घर बांधणाऱ्याला दुसरे घर असते. वाडीवरच्या माणसाला नसते.

ही गुंतागुंत ख्रिस्तसभेने स्वतः अनुभवली आहे. २०१३ साली पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी कस्तुरीरंगन समितीच्या शिफारशी पुढे आल्या, तेव्हा केरळमधील इडुक्कीसारख्या भागांत तीव्र विरोध झाला आणि त्यात कॅथोलिक धर्माध्यक्ष व धर्मगुरूही उतरले. डोंगरावर घाम गाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांचे काय होणार, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. नंतर ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली, तेव्हा त्याच डोंगरांचे दुसरे सत्यही समोर आले. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाविषयी नव्याने मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचे १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र येते. निसर्ग की गरीब, अशी निवड करण्याची वेळच येऊ नये, हे या दोन घटनांचे सार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा टाहो आणि गरिबांचा टाहो एकत्र ऐकण्याची शिकवण दिली. त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनी ९ जुलै २०२५ रोजी निर्मितीच्या संरक्षणासाठी योजलेल्या नव्या मिस्साविधीनुसार पवित्र मिस्सा अर्पण केला. आता हा विषय ख्रिस्तसभेच्या वेदीपर्यंत पोचला आहे.

मग आपण काय करावे? आमच्या मते आरंभ नोंदवहीने करावा. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी आपली धर्मग्रामे शतकानुशतके निष्ठेने ठेवीत आली आहेत. ज्याचे नाव वहीत आहे, तो आपला, ही भावना त्यांमागे आहे. तशीच एक वही कर्जत-खालापूर परिसरात राहणाऱ्या वा तेथे वारंवार जाणाऱ्या मंडळींनी पाखरांसाठी ठेवावी. पावशाची पहिली हाक कोणत्या दिवशी ऐकू आली, नवरंग केव्हा दिसला, खंड्याचे बीळ असलेली दरड यंदा शाबूत आहे काय, कोणत्या डोंगरावर वणवा लागला. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले हे काम आनंदाने करतील. वाडीवरील जाणत्या स्त्री-पुरुषांना यात गुरू मानावे. त्यांच्याकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी शिकाव्यात. बिळाचा नेमका ठावठिकाणा मात्र उघड करू नये.

ज्यांनी येथे जमीन घेतली आहे किंवा घेणार आहेत, त्यांनी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ओढा कोठून वाहतो? त्याचा काठ मोकळा राहील काय? वाडीवरील लोकांची पायवाट आणि पाणवठा आपल्या कुंपणात अडकत नाही ना? पावसाच्या चार महिन्यांत दरडीला यंत्र लावू नये, जुनी ढोलीची झाडे राखावीत, कुंपणाशी गवत पेटवू नये. यासाठी फारसा खर्च येत नाही. थोडी जमीन ‘वाया’ जाते एवढेच; आणि ती तशी वाया जाऊ देणे हीसुद्धा एक प्रकारची अर्पणाची थाळी आहे.

संत फ्रान्सिस असिसीकरांचे निधन १२२६ साली झाले. २०२६ हे त्याचे ८०० वे वर्ष. दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ निर्मितीसाठी प्रार्थना करण्याचा म्हणून ख्रिस्तसभा पाळते आणि त्याची सांगता या संतांच्या सणाने होते. संत फ्रान्सिस यांनी पाखरांना उपदेश केला, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. त्या कथेत एक गोष्ट गृहीत आहे : बोलण्याआधी ते वाटेत थांबले होते. कर्जतच्या ओढ्याकाठी क्षणभर तसेच थांबून पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि लिहिलेल्याशी प्रामाणिक राहणे, एवढे आपल्याला खचित करता येईल.