मिशिगन सरोवर आणि तीन नातवंडे

सरोवर या शब्दाने मराठी मनासमोर कमळे, हंस आणि काठावरचे एखादे देवालय उभे राहते. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांना हाच शब्द लावावा लागतो, ही भाषेची अडचण म्हटली पाहिजे. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे 2,44,000 चौरस किलोमीटर भरते. आपला महाराष्ट्र 3,07,713. पाणी गोडे, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पण एकट्या मिशिगन सरोवराची लांबी 494 किलोमीटर आणि खोली 281 मीटरपर्यंत आहे. मध्यभागी गेल्यावर चारही बाजूंना काठ दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी तीन नातवंडांना घेऊन याच सरोवराच्या पूर्व किनाऱ्याने, ग्रँड हेवनहून उत्तरेकडे मॅकिनॉ बेटापर्यंत जाण्याचे ठरविले. अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. आमची जुनी, दहा मीटर लांबीची यांत्रिक नौका ताशी बारा-तेरा किलोमीटर चालते, म्हणजे सायकलच्या वेगाने. मुले चौदा, अकरा आणि सात वर्षांची. दोन आठवड्यांनी त्यांचे आई-वडील मोटारीने उत्तरेस येऊन त्यांना घेऊन जाणार होते. स्वतःच्या मुलांना पाण्यावर नेणे वेगळे आणि मुलांची मुले नेणे वेगळे. ती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली असतात.

जीवरक्षक जाकिटाबाबत मिशिगन राज्याचा नियम सहा वर्षांखालील मुलांपुरता आहे, अमेरिकेचा संघीय नियम तेरा वर्षांखालील. आमच्या नौकेवरचा नियम आजीने केला होता: केबिनबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जाकीट, आजोबांसकट. थोरल्याला ते बालिश वाटले. पण माझ्या अंगातले जाकीट पाहिल्यावर त्याला बोलायला जागा उरली नाही.

या सरोवराच्या लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांबलचक नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकीमागून एक येणाऱ्या असतात. नौकेला सावरायला उसंत देत नाहीत. विस्कॉन्सिनकडून सुटलेल्या पश्चिमेच्या वाऱ्याला शंभर किलोमीटरहून अधिक मोकळे पाणी मिळते आणि दुपारपर्यंत तो पूर्व किनाऱ्यावर डोंगर उभे करतो. म्हणून आम्ही पहाटे पाचला निघत असू आणि दुपारच्या आत बंदरात शिरत असू. चालत्या नौकेवर चूल पेटवायची नाही असे ठरलेले. खाकरे, दशम्या, चिवडा आणि कोरडी चटणी यांवर सकाळ निभावत असे. (लाटांवर टिकणारा पदार्थ म्हणून खाकऱ्याला तोड नाही, हे माझे मत मी कुठेही मांडायला तयार आहे.)

या प्रवासाला आधार होता तो आश्रयबंदरांचा. मिशिगन राज्याने 1947 साली जलमार्ग आयोग नेमला आणि कोणतीही लहान नौका सुरक्षित बंदरापासून किनाऱ्याने पंधरा मैलांपेक्षा, म्हणजे चोवीस किलोमीटरांपेक्षा दूर असू नये, हे धोरण ठेवून बंदरांची साखळी उभारली. मस्केगन, पेंटवॉटर, लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट ही नावे मुलांना पाढ्यासारखी पाठ झाली. रोज सकाळी नकाशावर बोट ठेवून धाकटीने सांगायचे: मागचे बंदर कोणते, पुढचे कोणते, आणि आता जवळचे कोणते.

एक विषय मात्र टाळून चालण्यासारखा नव्हता. माझे वय सदुसष्ट. सुकाणूवर असताना मलाच काही झाले तर? मुलांना घाबरवू नये म्हणून आपण अशा गोष्टी बोलत नाही. पहिल्या दोन दिवसांत आम्ही त्या स्पष्ट बोललो. इंजिन कसे थांबवायचे, बिनतारी संचाची सोळा क्रमांकाची वाहिनी कशी लावायची, नौकेचे नाव, ठिकाण आणि माणसांची संख्या कशी सांगायची, हे थोरल्याने आणि मधलीने आजीसमोर करून दाखविले. मग माझी टोपी पाण्यात टाकली. धाकटीचे काम एकच: टोपीवरून नजर आणि बोट हलू द्यायचे नाही. पाण्यात कुणीही उडी घ्यायची नाही. जूनच्या अखेरीसही उत्तरेकडचे पाणी असे गार असते, की पडताक्षणी श्वास अडकतो. थोरल्याने नौका वळवली, मधलीने आकडीने टोपी उचलली. धाकटीने आणखी क्षणभर बोट तसेच रोखून धरले होते.

फ्रँकफर्टच्या पुढे सरोवराच्या काठी वाळूचे प्रचंड डोंगर लागतात. काही ठिकाणी पाण्यापासून सुमारे 137 मीटर उंच. या जागेचे नाव ‘झोपलेल्या अस्वलाच्या टेकड्या’, आणि ते अनिशिनाबे या मूळच्या लोकांच्या कथेतून आले. विस्कॉन्सिनच्या काठी वणवा पेटला, तेव्हा एक अस्वलीण दोन पिल्लांसह सरोवरात शिरली. ती पैलतीराला पोहोचली आणि उंचावर वाट पाहत बसली. दमलेली पिल्ले पोहोचलीच नाहीत. पिल्लांची दोन बेटे झाली, उत्तर मॅनिटू आणि दक्षिण मॅनिटू, आणि आईची टेकडी झाली. आमच्या एका हाताला ती टेकडी होती आणि दुसऱ्या हाताला ती बेटे, तेव्हा आजीने ही कथा सांगितली. धाकटीने विचारले, “आजी, तिने निघायच्या आधी वारा नाही का बघितला?” आजी म्हणाली, “बाळ, मागे आग होती. तिला थांबायला जागाच नव्हती.”

त्या दुपारी आम्ही लेलँडला पोहोचलो आणि तिथेच अडकलो. वायव्येचा वारा सुटला, लहान नौकांना इशारा देण्यात आला. पुढे ग्रँड ट्रॅव्हर्स उपसागराचे उत्तरेला उघडे असलेले तोंड ओलांडायचे होते. एक दिवस गेला, दुसरा गेला. मुलांचे आई-वडील ठरल्या दिवशी मॅकिनॉला येणार होते. थोरल्याचा जीव वरखाली होत होता. तो धक्क्यावर जाऊन लाटा मोजून आला. “आजोबा, फक्त पाच फूट आहेत. आपली नौका सहज जाईल.” नौका गेलीही असती. मी त्याला 1954 सालची गोष्ट सांगितली. वादळाच्या रेट्याने पाणी परातीतल्या पाण्यासारखे एका काठाला ढकलले गेले आणि उलटून शिकागोच्या धक्क्यांवर आले. मासे धरीत बसलेली आठ माणसे त्यात गेली. “पण आज तसे होणार नाही ना?” त्याने विचारले. बहुधा नाही, असेच मला खरे सांगावे लागले.

तरीही मी निघालो नाही. मुलीला फोन करून लेलँडलाच यायला सांगितले. थोरला रात्री जेवताना एक शब्द बोलला नाही, आणि मीही त्याची समजूत घालायला गेलो नाही. राग येण्यासारखी ती गोष्ट होतीच. सकाळी तो स्वतःहून हवामानाचे वृत्त ऐकायला उठला, एवढे मी पाहिले.

मॅकिनॉ बेट मुलांनी पाहिले, पण प्रवासी बोटीने, आई-वडिलांबरोबर. 1898 पासून तिथे मोटारींना बंदी आहे. बेटाभोवतीचा तेरा किलोमीटरांचा रस्ता तिघांनी सायकलवरून पुरा केला, असा संध्याकाळी फोन आला. थोरल्याने फोन मागून घेतला आणि विचारले, “लेलँडला वारा किती आहे?”

वारा आणखी दोन दिवस तसाच होता. तो पडल्यावर आम्ही दोघे पहाटे दक्षिणेकडे निघालो.