बिनहुकमी डाव आणि दाबून ठेवलेला एक्का

नरसिंह जयंतीला आमचं नरसिंहपुरातलं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. दुपारची जेवणं उरकली, की माजघरात ब्रिजचा डाव पडतो. चौथा गडी नसला तरच मला हाक येते! यंदा मामंजी माझे भिडू होते आणि बोली माझ्यावर आली, तीन नो-ट्रंप. म्हणजे हुकूम नाही आणि तेरांपैकी नऊ हात करायचे.

माझी पानं अशी: इस्पिक एक्का व दोन बारकी, बदाम एक्का-राजा व एक बारकं, चौकट राणी-गुलाम-दश्शी व एक बारकं, किलवर राजा व दोन बारकी. डमीत चौकट एक्का-नव्वी धरून पाच, किलवर एक्का-राणी धरून तीन. बाकी दोन इस्पिक, तीन बदाम, सगळी बारकी.

डावीकडून भावजींनी इस्पिकची उतारी केली. मी लगेच एक्का मारला! मग चौकट राणी लावली. राजा निघाला उजवीकडे, वन्संकडे. त्यांनी इस्पिक परत दिलं आणि भावजींनी ओळीनं चार हात ओढले. पाच गेले, माझे आठच. भावजी म्हणाले, "वहिनी, शाळेत आठपर्यंतच मोजायला शिकवता वाटतं!" सगळे हसले, मीही हसले. पण भांडी विसळताना डाव डोक्यातून जाईना.

खरं तर डमी पसरली की पहिल्या पानाआधी थांबायचं आणि हुकमी हात मोजायचे. इस्पिक १, बदाम २, किलवर ३, चौकट १, झाले ७. उरलेले दोन चौकटीतूनच येणार. राणी लावल्यावर राजा डावीकडे असेल तर सापडलाच. हात गेला तर उजवीकडेच जाणार. म्हणजे तोवर उजवीकडची इस्पिकं संपायला हवीत. आपल्याकडे पाच, त्यांच्याकडे आठ. पाच-तीन अशी असतील तर दोनदा बारकं पान द्यावं, एक्का तिसऱ्यांदा मारावा. वन्संकडे परत द्यायला इस्पिकच उरत नाही! आणि चार-चार असतील तर? त्यांना इस्पिकचे तीन आणि चौकटीचा एक, चारच हात. नऊ आपलेच.

बायकांना हे जमत नाही असं कुणी म्हणालं, तर मुंबईच्या हेमा देवरांचं नाव सांगा. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मिश्र संघानं ब्रिजचं कांस्यपदक मिळवलं, त्या संघात साठी उलटलेल्या हेमाताई होत्या.

रात्री मामंजींनी तीच पानं पुन्हा मांडून माझ्याकडून डाव खेळवून घेतला. दहा हात झाले. भावजी तेव्हा संगमावर फिरायला गेले होते, हीच काय ती हळहळ.